बुरशीवरची बुरशी

नाशिक-सांगलीकडचा कुणी द्राक्षवाला मित्र असेल, तर त्याच्यासमोर नुसतं 'भुरी' म्हणून बघा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही! पानांवर, मण्यांवर राखेसारखी पांढरी पावडर दिसली की सीझनचं गणित बिघडलंच. आज या भुरीच्या एका जुन्या वैऱ्याबद्दल.

तर झालं असं. १८४५ मध्ये इंग्लंडातल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला द्राक्षांवर ही पावडर दिसली. बर्कली नावाच्या पाद्रीबुवांनी १८४७ मध्ये त्या बुरशीला टकरचंच नाव चिकटवलं. (बिचारा!) पुढे ती फ्रान्सभर पसरली आणि १८५४ मध्ये तिथलं वाइनचं उत्पादन पार कोसळलं. शेवटी गंधकाची भुकटी धुरळून मळे वाचवले गेले.

याच धामधुमीत, १८५२ मध्ये, चेसाती या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने एका बुरशीला नाव दिलं: 'अँपेलोमायसिस क्विसक्वालिस'. ग्रीकमध्ये 'अँपेलोस' म्हणजे द्राक्षवेल. लॅटिनमध्ये 'क्विस' म्हणजे कोण, 'क्वालिस' म्हणजे कसा. (आपल्या मधुमालतीचं जुनं शास्त्रीय नावही क्विसक्वालिसच!) 'कोण हा?' हा प्रश्न रास्तच होता. भुरीच्या धाग्यांतले ते बारीक तपकिरी दाणे भुरीचेच आहेत, असं तेव्हा भलेभले मानत. १८७० मध्ये जर्मनीच्या डी बारीने दाखवून दिलं, की ही वेगळीच बुरशी आहे. ती भुरीच्या धाग्यात शिरते आणि तिला आतून खाते.

म्हणजे ज्याला सगळे रोगाचा भाग समजत होते, तोच रोगाचा वैरी निघाला. पण गंधक हाताशी होतं, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. १९३२ मध्ये यारवुडने क्लोव्हरच्या भुरीवर तिचा प्रयोग केला. तयार औषध बाजारात यायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. त्यातला वाण इस्राएलमध्ये सापडलेला होता.

ही बुरशी आज आपल्याकडेही मिळते. अर्थात, जादूची कांडी नव्हे. हिला ओलावा लागतो, भुरीचं कोरड्या हवेतही भागतं. शिवाय भुरीला संपवायला हिला काही दिवस लागतात, तोवर भुरी पुढच्या पानावर गेलेली असते. म्हणून भुरी थोडी असतानाच फवारायची.

एवढा खटाटोप कशाला? २०१० मध्ये वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं होतं. मण्यावर रसायनाचा अंश न ठेवणारा एकेक उपाय त्यांच्यासाठी मोलाचा आहे.

असो. ओळखीत कुणी वापरत असेल, तर अनुभव जरूर कळवा.