नावाचा अर्थ आणि नाव ठेवणारा

मेहकरहून सिंदखेड राजाकडे निघाले की वाटेत आधी सुलतानपूर लागते, मग बीबी. 'बीबी' हा फारसी शब्द. अर्थ, घरातली मानाची स्त्री. अहमदनगरच्या चांदबीबीच्या नावात तो आहे, औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातही आहे. मकबऱ्यातल्या बीबीचे, म्हणजे औरंगजेबाच्या पत्नीचे, नाव दिलरसबानो. लोकांनी नाव विसरून मान तेवढा ठेवला. वऱ्हाड-मराठवाड्यात तोच शब्द झिजून फातिमाबी, हलीमाबी असा नावाच्या शेवटी बसला आहे, गंगाबाईतल्या 'बाई'सारखा.

मुसलमान मुलामुलींच्या नावांचे अर्थ देणाऱ्या पुस्तिकांत हलीमा म्हणजे सहनशील, करीम म्हणजे उदार, असे लिहिलेले असते. ते बरोबरच आहे, पण कोशापुरते. 'अब्दुल करीम' म्हणजे त्या उदार ईश्वराचा दास. हजेरीपटावर नुसते 'अब्दुल' उरले की दास राहतो, धनी गळतो. आमच्या भागात शिवाय 'शेख रशीद शेख करीम' असे नाव सांगतात : शेख आधी, आणि बापाच्या नावाआधी पुन्हा शेख. आडनाव शेवटी मागणाऱ्या अर्जात हे बसत नाही. मग एका कागदावर रशीद शेख, दुसऱ्यावर शेख रशीद, तिसऱ्यावर आडनावाच्या जागी करीम. हे तिन्ही आपणच, हे सिद्ध करण्याचे काम मात्र त्या रशीदच्याच गळ्यात पडते.

नाव कोणी ठेवले, हे अर्थाइतकेच बोलके असते. मलिक अंबरचे मूळ हबशी नाव चापू. मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला 'अंबर' केले. अंबर हे समुद्रातून मिळणारे मोलाचे सुगंधी द्रव्य. गुलामांना याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, अशी नावे देण्याची रीतच होती; विकत घेतलेल्या मोलवान मालाची नावे! त्याच नावाने हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला.

त्याच्याच बाजूने १६२४ मध्ये भातवडीला लढलेल्या दोघा भावांची नावे अगदी वेगळ्या वाटेने आली होती. मालोजी भोसले आणि उमाबाई यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, मुलगे झाले, आणि पिराच्या एका नावाची दोन नावे केली : शहाजी आणि शरीफजी. ही हकीकत परमानंदांनी शिवभारतात, शिवाजी महाराजांच्या चरित्रात, संस्कृतमध्ये लिहिली आहे. त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. शरीफ म्हणजे कुलीन. पण उमाबाईंनी कोश उघडून ते नाव निवडले नव्हते. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ 'पदरात पडलेले मूल' एवढाच असणार. शरीफजी भातवडीलाच पडले. शहाजींचे सासरे, सिंदखेडचे लखुजी जाधव, तेव्हा मोगलांकडे होते.

नावांची जोडी मात्र तुटली नाही. शहाजींचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले आणि त्यांचे मुलगे तिथे एकामागून एक गादीवर आले : शहाजी, सरफोजी, तुकोजी. सरफोजी हे शरीफजीचेच दक्षिणेत रुळलेले रूप. ग्रंथसंग्रहासाठी प्रसिद्ध असलेले दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्यापर्यंत येता येता पंडितांनी त्याचे 'शरभेंद्र' करून टाकले. नगरचा पीर त्या नावात आता कानाला ऐकू येत नाही.