लाल निशाण, बैलगाडी आणि बिनचालक मोटार

‘बिनचालक गाडी आणि पादचारी’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा आम्हाला हसूच आलं. पेणला चालक असलेल्या गाड्यांपुढून महामार्ग ओलांडताना देव आठवतो, तिथे बिनचालक गाडीची काळजी कोण करतो? पण विचार करू लागलो आणि जाणवलं, प्रश्न जुनाच आहे. येणाऱ्या गाडीला आपण दिसतो का? आणि दिसलो, तर माणूस म्हणून दिसतो का?

खरं म्हणजे बिनचालक गाडी आपल्याला नवी नाही. बाजार उरकला की गाडीवान बैलगाडीत आडवा व्हायचा आणि बैल गाडी बिनचूक दारात आणायचे. वाटेत कोणी आलं तर बैल आपसूक थबकायचे, कारण त्यांना डोळे होते. इंजिन आलं आणि गाडीचे ते डोळे गेले. इंग्लंडला याची जाण होती. तिथल्या १८६५च्या कायद्यानं यांत्रिक गाडीच्या साठ यार्ड पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालवणं सक्तीचं केलं. गावात वेग ताशी दोन मैल! आज गंमत वाटते, पण सांभाळण्याचा भार तेव्हा गाडीवर होता. १८७८मध्ये निशाणाची सक्ती गेली, १८९६मध्ये पुढे चालणारा माणूसही गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीच्या धक्क्यानं मरण पावली. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या पेण तालुक्यात, गागोद्याला विनोबा जन्मले. पुढे १९५१पासून तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी फिरला. आजच्या महामार्गावर त्यांनी कुठून चालायचं, सांगा बरं!

मधल्या काळात भार हळूच दुसरीकडे सरकला. अमेरिकेत १९२०च्या दशकात मोटारवाल्यांनी ‘जेवॉकर’ हा शब्द रूढ केला. म्हणजे रस्त्यावर चालायची अक्कल नसलेला गावंढळ. रस्ता तोच, पण चालणारा आता चुकार ठरला.

हा इतिहास यंत्राच्या डोक्यातही शिरला. १८ मार्च २०१८ला ॲरिझोनातल्या टेंपी शहरात रात्री एक बाई सायकल हातानं ढकलत रस्ता ओलांडत होती. तिथे झेब्रा पट्टे नव्हते. उबरच्या चाचणी गाडीनं तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं होतं. पण यंत्र तिला कधी वाहन म्हणे, कधी ‘इतर’, कधी सायकल. पट्ट्यांबाहेर माणूस चालत असेल, ही शक्यताच त्यात भरलेली नव्हती. देखरेखीला बसलेल्या चालकाचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. बाई गेली.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षं फिलिपा फूटबाईंचा १९६७चा ट्रॉलीचा पेच शिकवला: पाच जणांना वाचवायला एकाला मारावं का? मुलं तावातावानं भांडायची. आज वाटतं, थोडं चुकलंच. टेंपीत निवड करायची वेळच आली नाही; समोर कोण आहे हेच ठरेना. मग अशा वेळी यंत्रानं काय करावं? आमच्या मते, ओळख पटेपर्यंत वेग उतरवावा. साठच्या वेगातली धडक तिसाच्या चौपट ताकदीची असते, हे गणित शाळेतलं मूलही करील. गाडीला उशीर होईल, होऊ दे. बैलांनाही व्हायचा.

२०१७मध्ये नितीन गडकरींनी बिनचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही म्हटलं, ते रोजगाराच्या काळजीनं. ती रास्तच आहे, पण पायी चालणाऱ्याचं नाव त्या चर्चेत फारसं आलं नाही.

आता आपलं पेण बघा. गणपतीच्या आधीचे दिवस. कारखान्यातून एक जण बाहेर पडतो. डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीच्या मुखावर रुमाल. मागे झांजा वाजवणारी पोरं, त्यातलं एखादं रस्त्यात उलटं चालतंय. ज्यांना अशा गाड्या विकायच्या आहेत त्यांनी चाचणी इथे करावी, आणि तो मूर्तीवाला रस्ता ओलांडेपर्यंत गाडी थांबते का, ते आम्हाला इथे कडेला उभं राहून बघू द्यावं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.