हिराकस टाकला म्हणून हायड्रोजन वाढत नाही

लोह आणि निकेल ही जिवाणूंची खते. ती वाढवत गेलो की जिवाणू फोफावतात आणि किण्वनातला हायड्रोजनही वाढतो, असे सर्रास मानले जाते. या मताचा अर्धा भाग पक्का आहे, म्हणूनच ते टिकले. क्लॉस्ट्रिडियम पाश्च्युरियानममध्ये १९६२ साली सापडलेले फेरेडॉक्सिन हे इलेक्ट्रॉनवाहक प्रथिन लोह-गंधकाचे. ते हायड्रोजन बनवणाऱ्या ज्या विकराला, म्हणजे हायड्रोजनेजला, इलेक्ट्रॉन पोचवते, त्याच्या एका रेणूत लोहाचे वीस अणू. लोह तुटले की हा जिवाणू लोहरहित फ्लॅव्होडॉक्सिनवर भागवतो. त्याचा भाऊबंद ॲसिटोब्युटिलिकम ब्युटेनॉलकडे झुकतो.

टंचाईत हायड्रोजन घटतो, हे मान्य. पण टंचाई संपल्यावर ओतलेले लोह कोणत्या कामाचे? १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे ॲसिटेटच्या वाटेने गेले तर जास्तीत जास्त ९० लिटरच्या आसपास हायड्रोजन. ब्युटिरेटच्या वाटेने त्याच्या निम्मा. ही मर्यादा कोणत्याही क्षाराने हलत नाही.

निकेलचा दावा त्याहून लंगडा. ई. कोलाय फॉर्मेटपासून हायड्रोजन काढतो तेव्हा त्याच्या हायड्रोजनेजला निकेल लागतेच. क्लॉस्ट्रिडियमच्या मुख्य हायड्रोजनेजमध्ये मात्र ते नाही. विरजण म्हणून घातलेल्या गाळातल्या मिश्र जिवाणूंत तर निकेल उलटूही शकते, कारण हायड्रोजन खाऊन मिथेन करणाऱ्यांचे एफ-४३० हे सहघटक निकेलचेच. गाळ तापवून त्यांना मारता येते, हे उत्तर ठाऊक आहे. पण हायड्रोजनपासून ॲसिटेट करणारे काही जिवाणू बीजाणूरूपाने त्यातून वाचतात, आणि त्यांच्या विकरांनाही निकेल हवे असते.

लोहासोबत काय येते, तेही पाहिले जात नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट; त्यातल्या सल्फेटवर वाढणारे जिवाणू हायड्रोजन वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मग बाटलीच्या तळाशी काळा साका बसतो: घातलेले लोहच सल्फाइड होऊन बाहेर पडलेले असते. लोहाची भुकटी वापरणाऱ्यांची गंमत वेगळी. एक ग्रॅम लोह आम्लात पूर्ण विरघळले तर एकही जिवाणू नसताना सुमारे ४०० मिलिलिटर हायड्रोजन निघतो. निर्जंतुक बाटली शेजारी न ठेवता सगळे श्रेय जिवाणूंना देणे हा निव्वळ धांदरटपणा.

म्हणून आधी माध्यमात किती लोह विरघळलेले आहे ते मोजावे. उसाच्या मोलॅसिसमध्ये खनिजे मुळातच असतात. शुद्ध ग्लुकोजवर ठरवलेली मात्रा तिथे तशीच लावण्यात अर्थ नाही. मात्राही मूलद्रव्यात लिहावी. बाजारच्या सात-जलाणू हिराकसात लोह वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके. एकाचे शंभर मिलिग्रॅम हिराकस आणि दुसऱ्याचे शंभर मिलिग्रॅम लोह एका रांगेत मांडून 'योग्य मात्रा' काढणारा तक्ता पहिल्याच रकान्यात पाचपटीने चुकलेला असतो.