संगीताची लय आणि व्यायामातील हृद्गती
धावणे, सायकल चालवणे यांसारख्या दमश्वासाच्या व्यायामात गाण्याची गती निवडून श्रमाची पातळी, आणि तिच्यामार्फत हृदयाचे ठोके, हव्या त्या टप्प्यात राखण्याची पद्धत. मिनिटाला १४० मात्रांचे गाणे लावले की हृदयही १४० वेळा धडधडते, हा समज चुकीचा आहे. संगीत हृदयाला थेट हुकूम देत नाही. पाऊल किंवा पेडल ठेक्याशी जुळते, त्यामुळे श्रम वाढतात वा घटतात आणि हृद्गती श्रमांमागे जाते. लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ विद्यार्थी सायकल चालवत असताना त्यांना न सांगता गाण्यांची गती १० टक्क्यांनी बदलली. जलद गाण्यांवर अंतर व शक्ती किंचित वाढली, संथ गाण्यांवर घट अधिक झाली.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिऑर्गिस यांच्या अभ्यासांनुसार व्यायाम करणाऱ्यांची पसंती साधारण १२० ते १४० मात्रांच्या पट्ट्यात राहते. श्रम वाढले तरी पसंतीची गती त्याच प्रमाणात वाढत नाही. ठेक्याशी पाऊल जुळवण्याचे एक उदाहरण: इथिओपियाचा धावपटू हाईले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २,००० मीटरचा बंदिस्त मैदानातील विश्वविक्रम केला, तेव्हा ‘स्कॅटमन’ हे गाणे वाजत होते. धाप लागेपर्यंतच्या श्रमांत मात्र संगीताने थकव्याची जाणीव फारशी कमी होत नाही. बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांची हृद्गती मुळातच दबलेली असते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ठोक्यांचे लक्ष्य ठरवू नये.