राहून गेलेला एक चेंडू

पराभवाचें दुःख हें एक प्रकारचें कर्जच होय. तें कोणाच्या तरी नांवावर मांडल्यावांचून माणसाच्या मनाला स्वस्थता वाटत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील शंकरपट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या मनोवृत्तीची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दोन बैलजोड्यांमधील अंतर सेकंदाच्या अंशांत मोजलें जातें, निकाल सांगितला जातो, आणि बैलांच्या पाठीवर झूल पडण्यापूर्वींच हरलेल्या बाजूची मंडळी घड्याळ कोणीं व केव्हां दाबलें याची चौकशी करूं लागतात. बैल थकले असतील, किंवा धुरकऱ्याचाच अंदाज चुकला असेल, ही शक्यता सर्वांच्या शेवटीं निघते. पुष्कळदां निघतहि नाहीं.

शंकरपट असो, कुस्तीचा फड असो, कीं क्रिकेटचें मैदान असो, हरलेल्या पक्षाची ही रीत सर्वत्र सारखीच आढळते. मात्र पंचाची चूक खरोखरीच झाली असेल, तर काय म्हणावें? हा प्रश्न अधिक अवघड आहे. आणि त्याचा विचार करण्यास ८ फेब्रुवारी १९४९ या दिवशीं मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर जें घडलें, त्याइतकें बोधप्रद उदाहरण महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासांत क्वचितच सांपडेल.

जॉन गोडार्ड यांच्या नेतृत्वाखालीं वेस्ट इंडीजचा संघ त्या हिवाळ्यांत प्रथमच भारतांत आला होता. दिल्ली, मुंबई व कलकत्ता येथील पहिले तीन कसोटी सामने अनिर्णित राहिले. चौथा सामना मद्रासला झाला. त्यांत भारताचा एक डाव व १९३ धांवांनीं पराभव झाला. पांचवा सामना पुन्हां मुंबईस ४ फेब्रुवारीला सुरू झाला. तो जिंकला तरच मालिका बरोबरींत सुटणार होती. पण केवळ मालिकेपुरताच तो प्रश्न नव्हता. १९३२ सालीं भारत पहिला कसोटी सामना खेळला; त्यानंतरच्या सतरा वर्षांत, एकोणीस सामने होऊनहि, त्याला एकहि विजय मिळाला नव्हता. देश स्वतंत्र होऊन अवघें दीड वर्ष लोटलें होतें. त्या विसाव्या सामन्याकडे लोकांचे डोळे कां लागले असतील, हें निराळें सांगावयास नको.

वेस्ट इंडीजनें पहिल्या डावांत २८६ धांवा केल्या. भारताचा डाव १९३ धांवांत आटोपला. पाहुण्यांचा दुसरा डाव २६७ धांवांवर संपला. भारताचे यष्टिरक्षक सेन जखमी झाल्यामुळें कर्णधार लाला अमरनाथ यांनाच यष्टीमागें उभें राहावें लागलें होतें. विजयासाठीं आतां ३६१ धांवा हव्या होत्या. त्या काळच्या भारतीय संघाकडून एवढी मजल कोणी अपेक्षिली नसेल. परंतु रूसी मोदी यांनीं ८६ धांवा काढल्या. सांगलीचे विजय हजारे यांनीं आपल्या स्वभावाप्रमाणें शांतपणें १२२ धांवांचा डाव उभारला. आणि ते दोघे बाद झाल्यावर कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनीं एक बाजू धरून ठेविली. आठ गडी बाद झाले. फडकरांच्या जोडीला गोलंदाज गुलाम अहमद आले. धांवसंख्या ३५५ झाली. विजयाला सहा धांवा उरल्या.

गोलंदाज प्रायर जोन्स यांचें षटक चालूं होतें. पांच चेंडू पडले होते, सहावा पडावयाचा होता, आणि वेळहि सुमारें दीड मिनिट शिल्लक होता. इतक्यांत पंच जोशी यांनीं खेळ संपल्याची खूण करून यष्टींवरील दांडकीं उचललीं. त्या विलक्षण गोंधळांत त्यांची मोजणी चुकली होती. सामना अनिर्णित ठरला आणि मालिका वेस्ट इंडीजकडे गेली.

राहून गेलेल्या एका चेंडूवर सहा धांवा निघणें ही दुर्मिळ गोष्ट, असें कोणी म्हणेल. परंतु हिशेब तेवढाच नव्हता. नियत वेळ होण्यापूर्वीं एक षटक संपलें तर दुसरें सुरू करावें लागतें, आणि सुरू झालेलें षटक पुरें करावें लागतें, हा खेळाचा नियम. म्हणजे तो चेंडू वेळेंत पडला असता तर कदाचित् आणखी सहा चेंडू मिळाले असते. फडकर खेळपट्टीवर स्थिरावले होते. त्यांच्या ३७ धांवा झाल्या होत्या. सात चेंडूंत सहा धांवा ही अशक्य गोष्ट खास नव्हे. चूक लहान होती, परंतु तिच्या पोटांत फार मोठी शक्यता दडलेली होती.

त्या काळीं यवतमाळ हा मध्यप्रांत-वऱ्हाडांतील जिल्हा होता. नागपूरचें नभोवाणी केंद्र १९४८ च्या जुलैमध्यें सुरू झालें होतें; रेडिओ ही मोजक्या घरांतील वस्तु होती. मुंबईची हकीकत आडगांवच्या बहुतेक लोकांना वृत्तपत्रांतून किंवा दुसऱ्याच्या तोंडून कळे. ज्या प्रसंगाचे साक्षीदार थोडे, त्याचे न्यायाधीश पुष्कळ. आणि या सामन्याविषयीं तर गेलीं पाऊणशें वर्षें निवाडे चालूं आहेत.

त्यांत मुख्यतः तीन पक्ष दिसतात. पहिला पक्ष सारा दोष पंचावर ठेवतो. दुसरा पक्ष वेस्ट इंडीजकडे बोट दाखवितो. शेवटच्या तासांत त्यांनीं मुद्दाम वेळ काढला, यष्टिरक्षक वॉलकॉट हे चेंडू आणण्यासाठीं स्वतः सीमेपर्यंत संथपणें चालत जात, अशी हकीकत सांगितली जाते. तिसरा पक्ष संख्येनें लहान. तो म्हणतो कीं, आधीं आपल्याच वहीची पानें उलटून पाहावीं.

या तिसऱ्या पक्षाचें म्हणणें कानाला कडू लागतें, पण अंकगणित त्याच्या बाजूचें आहे. पहिल्या डावांत भारत ९३ धांवांनीं मागें पडला. त्या ९३ धांवांचा हिशेब कोणी मागत नाहीं. शेवटच्या सहांचा मात्र सर्व मागतात. मद्रासचा दारुण पराभव झाला नसता, तर मुंबईच्या एका चेंडूवर मालिकेचा भार पडलाच नसता. शेवटची घटना डोळ्यांसमोर राहते, म्हणून तीच एकमेव कारण वाटते. वास्तविक घडा शेवटच्या थेंबानें भरत नाहीं. तो अगोदरपासून भरत आलेला असतो.

दुसऱ्या पक्षाच्या आरोपांत तथ्य असलें तरी तेथेंहि विवेक हवा. वेळ काढणें हें उमद्या खेळाडूला शोभत नाहीं. परंतु त्या काळचा नियम घड्याळाचा होता, षटकांच्या संख्येचा नव्हता. ज्या नियमांत पळवाट असते, त्यांतून जाणारा दोषी खराच. पण पळवाट ठेवणारा नियमहि निर्दोष नव्हे.

राहिला पंच. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या काळीं पंच यजमान देशाचेच असत, आणि पाहुण्या संघांना त्यांच्याविषयीं नेहमीं संशय वाटे. मुंबईस जी चूक झाली, ती मात्र यजमानांच्याच मुळावर आली. पंच आपला, मैदान आपलें, प्रेक्षक आपले, आणि तोटाहि आपलाच! पक्षपाताचा आरोप या ठिकाणीं उभाच राहत नाहीं. उरते ती केवळ मानवी चूक. हजारों कंठांच्या गजरांत ज्याला एकट्याला शांत राहून सहापर्यंत मोजावयाचें होतें, त्याला मोजतां आलें नाहीं. ही चूक क्षुल्लक नव्हे. पण ती अप्रामाणिकपणाहि नव्हे. हे दोन शब्द एकाच अर्थानें वापरणें हाच निराश प्रेक्षकाचा पहिला अन्याय असतो.

दुसरा अन्याय विस्मृतीचा. याच मालिकेंत एव्हर्टन वीक्स हे वेस्ट इंडीजचे फलंदाज अपूर्व खेळले. त्यापूर्वींच्या इंग्लंडविरुद्धच्या किंग्स्टन येथील सामन्यांतील एक, दिल्लीचें एक, मुंबईचें एक आणि कलकत्त्याचीं दोन अशीं सलग पांच कसोटी शतकें त्यांच्या नांवावर लागलीं. हा विक्रम अद्यापि अबाधित आहे. मद्रासला ते सहाव्या शतकापासून दहा धांवांवर असतांना त्यांना धांवचीत ठरविण्यांत आलें. तो निर्णय शंकास्पद होता, असें अनेकांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. मुंबईचा राहिलेला चेंडू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आठवला जातो. मद्रासच्या त्या ९० धांवा किती जणांना आठवतात? आपल्या विरुद्ध गेलेली चूक माणूस दगडावर कोरतो, आणि आपल्या बाजूनें गेलेली पाण्यावर लिहितो.

मग चूक विसरून जावी काय? मुळींच नाहीं. ती नीट ओळखावी आणि तिच्यावर उपाय करावा. क्रिकेटनें हळूहळू तसें केलें, हें त्या खेळाच्या चालकांना भूषणावह आहे. शेवटच्या तासांत ठराविक संख्येचीं षटकें टाकलींच पाहिजेत, असा नियम पुढें आला. प्रथम ती संख्या २० होती, नंतर १५ झाली. त्यामुळें चेंडू आणण्यास सावकाश जाऊन सामना वांचविण्याची सोय बव्हंशीं संपली. १९९४ पासून कसोटींत एक पंच तटस्थ देशाचा नेमण्याची पद्धत रूढ झाली, आणि २००२ पासून दोन्ही. १९९२ च्या नोव्हेंबरांत दरबान येथें चित्रफीत पाहून निर्णय देण्यास आरंभ झाला. त्या पद्धतीनें धांवचीत ठरलेला पहिला फलंदाज मुंबईचाच, सचिन तेंडुलकर. यांतील प्रत्येक सुधारणेच्या मागें कोणाची तरी जुनी तक्रार आहे; पण ती तक्रार माणसाला झोडपून थांबली नाहीं, नियमापर्यंत पोंचली, म्हणून फळास आली.

याउलट प्रकारहि महाराष्ट्रानें पाहिला आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्धच्या कुस्तींत शिवराज राक्षे चीतपट झाल्याचा निर्णय पंचांनीं दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असें राक्षे यांचें म्हणणें होतें, आणि त्यांनीं चित्रफीत तपासण्याची मागणी केली. येथपर्यंत तें गाऱ्हाणें न्यायाच्या वाटेवर होतें. परंतु रागाच्या भरांत त्यांनीं पंचाला लाथ मारली, आणि पुढें तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. खांदे टेकले होते कीं नव्हते, हा मूळ प्रश्न त्या लाथेखालीं गाडला गेला. ज्याची बाजू कदाचित् खरी असेल, त्यानेंच ती ऐकून घेण्याचा मार्ग बंद केला, याहून मोठें नुकसान कोणतें?

१९४९ च्या त्या संघानें निराळें उत्तर दिलें. फेब्रुवारी १९५२ मध्यें, जेथें एक डाव व १९३ धांवांनीं मान खालीं घालावी लागली होती त्याच मद्रासला, भारतानें इंग्लंडचा एक डाव व ८ धांवांनीं पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. तो भारताचा पंचविसावा सामना होता. विनू मांकड यांनीं दोन डावांत मिळून बारा गडी बाद केले. फडकर त्याहि संघांत होते. आणि कर्णधार होते विजय हजारे, मुंबईला १२२ धांवा करून सहा धांवांनीं विजय हुकलेला पाहिलेले. राहून गेलेला चेंडू परत मिळत नाहीं, हें खरें. परंतु त्या चेंडूचा हिशेब पंचाच्या दारीं मागत बसण्यापेक्षां तो पुढच्या मैदानावर चुकता करावा, हें त्या मंडळींनीं बोलून नव्हे, खेळून दाखविलें.