सिंथेसायझरवरील ध्वनिनिर्मिती

सिंथेसायझर हे विद्युत्-स्पंदनांपासून ध्वनी निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. बाजारात 'कीबोर्ड' या नावाने मिळणाऱ्या अनेक वाद्यांत आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाज साठवलेले असतात आणि वादक त्यांतून निवड करतो. सिंथेसायझरमध्ये मात्र आवाज मुळापासून घडवता येतो. नादाची उच्चनीचता, त्याचा लहानमोठेपणा आणि त्याची जाती हे तिन्ही गुण वादकाच्या हाती असतात. स्वर निश्चित केलेल्या पट्ट्यांवर मींड कशी घ्यावी, हा भारतीय संगीतातील जुना प्रश्न असल्याने या वाद्याला येथे वेगळे महत्त्व प्राप्त झाले.

मूलभूत घटक

अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या आणि १९७० च्या मिनीमूगमुळे रूढ झालेल्या रचनेत ध्वनी पुढील टप्प्यांतून जातो.

दोलक (ऑसिलेटर): हा मूळ लहर निर्माण करतो. साइन लहरीत एकच वारंवारता असते. करवती लहरीत मूळ वारंवारतेच्या सर्व पूर्णांक पटींतील उपस्वर असतात, तर चौकोनी लहरीत फक्त विषम पटींतील. त्यामुळे करवती लहर भरीव आणि चौकोनी लहर पोकळ भासते.

फिल्टर: ठरावीक वारंवारतेच्या वरचे उपस्वर कमी करून हा घटक आवाज मऊ करतो. 'रेझोनन्स' वाढवल्यास त्या सीमेजवळचे उपस्वर उठून दिसतात.

प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) आणि एन्व्हलप: प्रवर्धक आवाज लहानमोठा करतो. हा बदल काळानुसार कसा व्हावा हे एन्व्हलप ठरवतो. त्याचे चार भाग असतात: आवाज शिखरावर पोहोचण्याचा काळ (अटॅक), तेथून उतरण्याचा काळ (डिके), पट्टी दाबलेली असताना टिकणारी पातळी (सस्टेन) आणि पट्टी सोडल्यावर विरण्याचा काळ (रिलीज).

मंद दोलक (एलएफओ): सेकंदाला काही कंपने देणारा हा दोलक स्वतः ऐकू येत नाही, तो स्वर किंवा फिल्टर हलवून कंप निर्माण करतो.

ही पद्धत वजाबाकीची आहे, कारण उपस्वरांनी समृद्ध असलेल्या लहरीतून नको तो भाग काढून टाकला जातो. १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स-७ या वाद्यात मात्र एका दोलकाने दुसऱ्याची वारंवारता बदलण्याची वेगळी पद्धत वापरली होती.

प्राथमिक सराव

सुरुवातीला एक दोलक आणि पूर्ण उघडा फिल्टर ठेवून, एका वेळी एकच घटक बदलणे सोयीचे ठरते. परिचित वाद्याचा आवाज समोर ठेवल्यास कानाला तुलना करता येते. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात प्रचलित असलेल्या गोंधळ या विधिनाट्यात संबळ आणि तुणतुणे ही प्रमुख वाद्ये असतात. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम हे परभणीचेच. या दोन वाद्यांच्या जोडीला सनई घेतल्यास ध्वनिनिर्मितीचे तीन मुख्य प्रकार हाताळता येतात.

तुणतुणे (छेडलेली तार): करवती लहर घेऊन अटॅक आणि सस्टेन शून्यावर, तर डिके सुमारे अर्धा सेकंद ठेवतात. फिल्टरलाही असाच एन्व्हलप दिल्यास आवाज तीक्ष्ण सुरू होऊन लगेच मऊ होतो. तार छेडल्यावर उच्च उपस्वर आधी विरतात, त्याचे हे अनुकरण असते.

सनई (फुंकलेले वाद्य): मूळ लहर करवतीच राहते, मात्र सस्टेन पूर्ण आणि अटॅक किंचित लांब असतो. मंद दोलकाने सेकंदाला पाच-सहा कंपने स्वर उघडल्यानंतर काही क्षणांनी सुरू केल्यास फुंकीचा भास होतो.

संबळ (आघाताचे वाद्य): साइन लहरीचा स्वर एन्व्हलपच्या साहाय्याने वरून खाली झपाट्याने उतरवतात आणि काडीच्या आघातासाठी सुरुवातीला क्षणभर 'नॉइज' मिसळतात. संबळाच्या लहान भांड्यासाठी वरचा स्वर आणि कमी डिके, तर मोठ्या भांड्यासाठी खर्जातील स्वर आणि अधिक डिके लागतो.

स्वतंत्र वाद्य नसल्यास संगणकावर सर्ज एक्सटी यांसारख्या विनामूल्य, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर हाच सराव करता येतो.

मींड आणि श्रुती

हार्मोनियमवर मींड घेता येत नाही आणि श्रुती सूक्ष्मपणे बदलता येत नाहीत, या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये त्या वाद्यावर बंदी घातली होती. सिंथेसायझरलाही पट्ट्या असतात, परंतु स्वर पट्टीशी कायमचा जखडलेला नसतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी 'पोर्टामेंटो' आणि हाताने स्वर ओढण्यासाठी 'पिच बेंड' चाक वापरतात. पोर्टामेंटोचा वेग यंत्र ठरवते, तर चाकाचा वेग वादक. म्हणून मींड आणि आंदोलनासाठी चाक अधिक उपयुक्त ठरते.

श्रुतींसाठी स्वरजुळणी बदलावी लागते. समान अंतराच्या बारा स्वरांच्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर ५:४ या गुणोत्तराचा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर. हा १४ सेंटचा फरक तंबोऱ्याच्या साथीत जाणवतो.

भारतातील वापर

१९५४ च्या 'नागिन' या हिंदी चित्रपटातील पुंगीची धून प्रत्यक्षात क्लेव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर कल्याणजी यांनी वाजवली होती; संगीतकार हेमंतकुमार होते. फ्रान्समध्ये १९४७ मध्ये तयार झालेले हे वाद्य सिंथेसायझरचे पूर्वसूरी मानले जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभारण्यात आला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजवणाऱ्यांमध्ये केर्सी लॉर्ड अग्रणी होते.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर आधारित ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात भैरवी, ललत, यमन, मालकंस आदी राग रोलँड ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर वाजवलेले आहेत. त्या वेळी ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर, टीबी-३०३ च्याच आधारे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोत घडलेल्या 'ॲसिड हाउस' शैलीशी तिचे साम्य समीक्षकांच्या लक्षात आले. सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले.

मर्यादा

सिंथेसायझर नादाची जाती जुळवू शकतो. पण सनईवादकाची फुंक किंवा संबळवादकाचा आघात प्रत्येक वेळी थोडा बदलतो, तो बदल पट्टीवर आपोआप उमटत नाही. पट्टीवरील आघाताचा जोर फिल्टरला जोडून ही उणीव काही अंशी भरून काढता येते. त्यामुळे हुबेहूब नक्कल हे या वाद्याचे एकमेव उद्दिष्ट मानले जात नाही. अनुकरणाच्या सरावातून घटकांची ओळख झाल्यावर कोणत्याही वाद्यात नसलेला नवा ध्वनी घडवणे, हे त्याचे खास सामर्थ्य समजले जाते.

हे सुद्धा पहा

हार्मोनियम
संबळ
गोंधळ
श्रुती
मिडी