रातपाळीचे रक्त : चंद्रपूरच्या भोंग्यामागचा इतिहास

१/ कामगारांचा इतिहास सांगताना आपण कामाचे तास मोजतो. ते तास कोणत्या प्रहरातले, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. त्याचे उत्तर कामगाराच्या रक्तात आहे. त्याविषयी हा धागा.

२/ १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधार पडल्यावरही यंत्रे चालू राहिली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना १२ तासांची मर्यादा दिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले.

३/ ही यंत्रांची रात्र वनप्रदेशातही पोहोचली. १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद उद्योगाची कंपनी स्थापन झाली. इथल्या जंगलांतील बांबू तिचा कच्चा माल ठरला. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १९८३ मध्ये चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तापलेला बॉयलर रोज विझवता येत नाही. म्हणून तीन पाळ्या आल्या.

४/ कायदा तास मोजत होता, शरीर मात्र उजेड मोजते. १९५८ मध्ये अमेरिकेत ॲरन लर्नर यांनी मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळे केले. १९७२ मध्ये उंदरांच्या मेंदूतील जैविक घड्याळाची जागा सापडली. प्रखर प्रकाशाने माणसाच्या रक्तातील मेलाटोनिन घटते, हे १९८० मध्ये दिसले.

५/ अंधार पडला की मेलाटोनिन वाढते. पहाटे कॉर्टिसॉल चढू लागते. रात्री शरीर साखर हाताळण्यात मंदावते. पहाटे तीनला उघडलेला तोच डबा दुपारच्यापेक्षा रक्तातील साखर अधिक वाढवतो. वर्षानुवर्षे असे चालले, तर मधुमेहाचा धोका वाढतो.

६/ तपासणीची वेळही दिवसपाळीची. सकाळी आठला रातपाळी संपवून आलेल्या कामगाराचे रक्त ‘उपाशीपोटी’ म्हणून घेतले, तर तीनचा डबा विसरला जातो. कॉर्टिसॉलचे सकाळचे प्रमाणही रात्री झोपणाऱ्यांवरून ठरलेले. सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी यातून बरीच सुटते.

७/ १९४८ च्या कायद्यात रातपाळीचा विचार होता. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर सुट्टीचे सलग २४ तास पाळी संपल्यापासून मोजावेत, असे त्यात होते. कायद्याने एवढे घड्याळ सरकवले. दवाखान्यानेही ते सरकवावे. रक्त घेण्यापूर्वी दोनच प्रश्न पुरेत : पाळी कोणती होती? शेवटचे कधी जेवलात?